सत्तरावर अडकलेला काटा

आमच्या घरात कोणी सिगार ओढत नाही. नवऱ्याला तर समोरच्या रस्त्यावर कोणी धूर सोडला तरी खोकला येतो. तरीही पुस्तकांच्या कपाटात, उन्हापासून लांब, सिगारची एक पेटी चार वर्षं मानाने बसलेली होती. ती सासूबाईंची. घरातल्या बाकी कुठल्याही वस्तूला मी हात लावायचे, त्या पेटीला नाही.

सासूबाईंनी चौतीस वर्षं कारखान्यात सिगार वळल्या. तिथे त्यांना सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे, कारण त्यांच्या दिवसभराच्या सिगार शेजारी शेजारी ठेवल्या तर एकही केसभर लांब निघायची नाही, आणि हे सगळं न मोजता. घरीही तेच. मी चिरलेली भाजी बघून त्या कधी बोलल्या नाहीत, नुसत्या बघायच्या, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. निवृत्त होताना शेवटच्या दिवशी वळलेल्या पंचवीस सिगार कारखान्याने त्यांनाच देऊन टाकल्या. तीच ही पेटी.

पेटीच्या झाकणाला आतून घड्याळासारखा एक गोल मीटर बसवलेला होता, हवेतला दमटपणा दाखवणारा. काटा सत्तरावर हवा. वर गेला तर बुरशी, खाली गेला तर पान सुकून तुकडे. काटा घसरला की कोपऱ्यातल्या डबीतल्या स्पंजावर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब सोडायचे. नळाचं पाणी अजिबात नाही. हे मला इतक्या वेळा ऐकवलेलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

मंगळवारी कारखान्यातून तपासनीसांचा फोन आला. नव्या पोरींना वळायला शिकवण्यासाठी कोणीतरी जाणतं माणूस हवं होतं. ‘‘रविवारी अकराला येतो, बाई. तुमच्या त्या शेवटच्या सिगार बघतो, एखादी कापतो, आणि मालकांना सांगून टाकतो.’’

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी स्वतःहून केस विंचरले. चार वर्षांत त्या दिवसदिवसभर खिडकीशी बसायला लागल्या होत्या, जेवायलाही दोनदा हाक मारावी लागायची. त्या दिवशी त्यांनी मला दोन चुका दाखवल्या. मला इतकं बरं वाटलं की मी भांडलेसुद्धा नाही.

बुधवारी दुपारी त्यांनी पेटी टेबलावर उघडली. काटा सत्तरावर होता. त्यांनी एक सिगार उचलली आणि अंगठ्याखाली हलकेच फिरवली. ‘‘छान आहे,’’ म्हणाल्या. मी समोरच होते. त्यांच्या बोटांखालून पानाचे कपचे टेबलावर पडत होते. सिगार हातात फुटत होती आणि त्या दाबतच होत्या.

‘‘आई, थांबा! फुटतेय ती!’’

त्यांनी खाली पाहिलं. कपचे दिसले तेव्हा कुठे हात थांबला. मी त्यांचा हात ओढून घेतला, बोटाच्या टोकाला नख रुतवलं. त्यांचा चेहरा हलला नाही.

‘‘कधीपासून?’’

‘‘दोनेक वर्षं झाली. शुगरमुळे होतं म्हणे असं.’’

‘‘आणि आम्हाला सांगायचं नाही?’’ मी ओरडलेच.

‘‘सांगितलं असतं तर गॅसजवळ उभं राहू दिलं असतंस मला?’’

नसतंच दिलं.

मग सगळा उलगडा झाला. बोटांना कळेना, म्हणून त्यांनी सगळा भरवसा काट्यावर टाकला होता. काटा सत्तरावरून हलेना, म्हणून स्पंजावर पाणी घातलं नव्हतं. किती दिवस? त्यांनी हिशेब केला आणि चेहरा उतरला. अख्खा उन्हाळा.

संध्याकाळी नवऱ्याने आकडे दाखवणारा नवा मीटर आणला. तो पेटीत ठेवला तर एक्कावन्न. ‘‘याचं खरं कशावरून?’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, त्यात पाण्याचे चार थेंब टाकून ओलसर केलं, आणि ते झाकण, नवा मीटर आणि पेटीतून काढलेला जुना, असे तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद केलं. ओल्या मिठाजवळची हवा पंचाहत्तरच दाखवते, न कमी न जास्त. पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत टेबलावर होती आणि आम्ही तिघं तिच्याभोवती घिरट्या घालत होतो. गुरुवारी दुपारी नवा मीटर पंचाहत्तर. जुना सत्तर. नवऱ्याने त्याला टिचकी मारली, तरी काटा ढिम्म.

‘‘रविवार पुढे ढकला,’’ मी म्हटलं.

‘‘का म्हणून विचारलं तर काय सांगू? कोरड्या सिगारला हळूहळूच पाणी पाजावं लागतं, महिनाभर. रोज थेंब थेंब. घाई केली तर आतलं पान फुगतं आणि वरचं फाटतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग जेवढं होईल तेवढं.’’

आता माझी अक्कल ऐका. शुक्रवारी दुपारी त्या जरा आडव्या झाल्या होत्या. मीटर चोपन्नावर रेंगाळत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी स्पंज भिजवून चिंब केला आणि पेटी बंद केली. तासा-दोन तासांत काय होणार, असं वाटलं. मग कामात विसरले. शनिवारी सकाळी झाकण उघडलं तर मीटर एकोणऐंशी, आणि वरच्या थरातल्या चार सिगारना उभ्या चिरा गेलेल्या. मला रडूच फुटलं. त्यांच्या चौतीस वर्षांवर मी एका दुपारी पाणी ओतलं होतं, अगदी शब्दशः.

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्पंज पिळला, चार सिगार बाजूला काढल्या आणि मला समोर बसवलं. ‘‘रडून झालं? आता बोटं पुसून कोरडी कर. ही घे. दाब. टोकापासून सुरुवात. काय लागतंय?’’

‘‘मऊ आहे.’’

‘‘मऊ म्हणजे? उशी मऊ असते, लोणीही मऊ असतं.’’

‘‘दाबलं की परत वर येतं.’’

‘‘हं. पुढे सरक.’’

अशा वीस सिगार, पुन्हा पुन्हा, दिवसभर. कोरड्या कुठल्या, फुगलेल्या कुठल्या, कुठली खालच्या थरात जायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मी चुकले की न बघता ओळखायच्या. ‘‘घाईत बोललीस. पुन्हा दाब.’’ दोनदा मी सिगार आपटून उठून जाणार होते. गेले नाही. त्यांना दुसरी बोटं कुठून मिळणार होती?

रविवारी अकराच्या ठोक्याला तपासनीस आले. उंच, कमी बोलणारा माणूस. चहाला हात न लावता त्यांनी पेटी पुढे ओढली. मीटर एकसष्ट. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता.

‘‘साहेब, आधी सांगते,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘काटा अडकला होता. सिगार सुकल्या. मला कळलं नाही, कारण माझ्या बोटांना आता काही कळत नाही. चार फुटल्या, एक मी मोडली.’’

तपासनीसांनी पेटीवरून नजर उचलली. ‘‘बोटांशिवाय शिकवणार कसं, बाई?’’

सासूबाईंनी पेटीतली एक सिगार काढून माझ्या हातात दिली. ‘‘दाब. साहेबांना सांग.’’

मी टोकापासून सुरुवात केली. ‘‘पायाकडचं, पेटवायचं टोक कोरडं आहे, अंगठाभर. मधे ठीक आहे, दाबलं की वर येतंय.’’ पुढे सरकले आणि थांबले. पुन्हा दाबलं. ‘‘इथे गाठ आहे. आत पान पिळलं गेलंय. इथे धूर ओढताना अडकेल.’’

‘‘गाठ नसेल,’’ सासूबाई पटकन म्हणाल्या. ‘‘माझ्या सिगारमध्ये गाठ नसते.’’

तपासनीसांनी खिशातून छोटी सुरी काढली, सिगार उभी चिरली आणि उघडून टेबलावर ठेवली. मी बोट ठेवलं होतं तिथेच, पिळलेल्या पानाची मुगाएवढी गाठ होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही किती वर्षं करताय हे काम?’’

‘‘कालपासून,’’ मी म्हटलं.

ते पहिल्यांदाच हसले. ‘‘सोमवारी साडेआठला या, बाई. बोटं पोरींकडे आहेत. वीस जणी आहेत. त्यांना असंच विचारा.’’ नवरा उठून उभाच राहिला, काहीतरी आभाराचं बोलायला लागला.

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. चिरलेल्या सिगारवर त्या वाकल्या होत्या. ‘‘म्हणजे दोन वर्षं नाही,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तिथे असतानाच गेली होती बोटं. शेवटच्या दिवशीसुद्धा. आणि मला कळलंही नाही.’’

टेबलाखाली मी त्यांची बोटं घट्ट धरली. त्यांना ते जाणवलं नाही, त्या गाठीकडेच बघत राहिल्या. मग केव्हातरी नजर खाली गेली, माझा हात दिसला, आणि त्यांनी आपला हात तसाच राहू दिला.