कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते मेंढ्यांच्या पाठीवर, गेरूनं, आपली कुठली आणि दुसऱ्याची कुठली हे कळण्यापुरतं. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे मला ठाऊक आहे. पण एका माणसाचे आभार मानायचे राहिलेत. त्यांच्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे धाडस.

धाराशिवला कॉलेजच्या रस्त्यावर एक फोटोचं दुकान आहे. आता तिथं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो निघतात, ते काम मालकांचा मुलगा बघतो. मालक, म्हणजे काका, बाजूला खुर्चीत बसून असतात. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मी फोटो काढायला गेलो होतो. मुलगा संगणकावर माझा फोटो कापत होता तेव्हा काचेच्या कपाटात मला एक काळी, चपटी, चामड्याची वस्तू दिसली. मला ते मोठं पाकीट वाटलं. मी विचारलं, हे काय आहे. काकांनी ती बाहेर काढली, एक बटण दाबलं, आणि पुढची झडप खाली पडून आतून भिंग बाहेर आलं. मागं भजनातल्या पेटीला असतो तसा काळा भाता.

जर्मनीचा कॅमेरा. काकांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेला. पुढं काकांनीही कितीतरी वर्षं त्यावरच लग्नं काढली, घर बांधलं, पोरं शिकवली. त्यानंतर दोन तासांच्या मध्ये वेळ असला की मी दुकानात जाऊन बसायला लागलो. फिल्म कशी भरायची, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी कशी फिरवायची, हे त्यांनी न विचारता शिकवलं.

नवरात्राच्या आधी कधीतरी मी अडखळत म्हणालो की, आमच्या घरातली सगळी माणसं एका फोटोत कधी आलीच नाहीत. भावाच्या मोबाइलमध्ये फोटो असतात, पण कुणीतरी एक जण कायम मेंढ्यांमागं असतो. काकांनी फ्रिजमधून एक जुना रोल आणवला, भरला, आणि कॅमेरा कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिला. माझं गाव लोहाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे, एवढंही विचारलं नाही. नात्यातल्या माणसांशिवाय मला तोवर कुणी काही सांभाळायला दिलं नव्हतं. एसटीत जागा मिळाली नाही, तर पिशवी छातीशी धरून उभा राहिलो.

गावी मी जपून फोटो काढले. लोकर कातरणारे दादा, म्हणजे माझे वडील. गाडीवर बसलेला भाऊ. कुत्रं. त्या रोलवर आठच फोटो निघतात, त्यातला शेवटचा सगळ्यांसाठी राखून ठेवला. खंडेनवमीला मेंढ्या लवकर वाड्यात आणायच्या आणि उजेड असतानाच फोटो घ्यायचा, असं ठरलं. म्हणून दुपारी मीही दादांबरोबर रानात गेलो.

आलो तेव्हा मायनं हत्यारं पुजली होती. घोंगडी अंथरून तिच्यावर कातर, कोयता, कुऱ्हाड, दादांची काठी, माझी पुस्तकं, आणि मधोमध कॅमेरा. तो उघडा होता. मी बटण दाबताना तिनं पाहिलं होतं. तिनं आधी फुलानं पाणी शिंपडलं होतं, मग हळद, मग कुंकू. बरोबर भिंगावर, बोटभर. कडेनं लाल पाणी आतल्या फटीत उतरलं होतं.

मी कॅमेरा उचलला. ओढणीच्या तुकड्यानं पुसत राहिलो. माय हातात ताट घेऊन दारात उभी होती, काय झालं म्हणून विचारत होती. मी तिच्याकडंच तोंड करून खटका दाबून पाहिला. आतली पाती उघडली आणि पेंगुळलेल्या माणसाच्या डोळ्यासारखी सावकाश मिटली. पुन्हा खटका दाबला, तर हललीच नाहीत.

संध्याकाळचा फोटो झाला नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला निघालो. तुळजापूरला गाडी भाविकांनी भरली, सगळ्यांच्या कपाळावर मळवट. माझं लक्ष त्या कुंकवावरून हलेना.

काकांना मी जे झालं ते तसंच सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याजवळ धरलं.

"कुंकू ओलं होतं का कोरडं?"

"ओलं."

"आमच्यातही लावायचे," ते म्हणाले. "पण पाठीवर."

मग म्हणाले, माझे हात आता थरथरतात, सोलापूरला एक जुना कारागीर आहे, त्याच्याकडं पाठवतो. रोल आधी आतल्या अंधाऱ्या खोलीत बाहेर काढून ठेवला. मला चहा पाजला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी निघताना त्यांनी कपाटातली रिकामी जागा फडक्यानं पुसली, तेवढं मात्र पाहवलं नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाठीवर लावायचं असतं, हे मायला सांगितलं. ती म्हणाली, "देवाच्या पाठीला कुनी कुंकू लावतंय व्हय? मला त्याचं तोंड दिसलं, म्या लावलं."

पण तिलाही चैन नव्हतं. आजारी मेंढीची करावी तशी ती कॅमेऱ्याची चौकशी करायची. आज काय म्हनले, उठंल का त्यो. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "न्हायच वाचला तर त्यांला आपली एक मेंढी देऊ. चांगली, गाभण बघून."

"दुकानात बांधतेल व्हय ती?" दादा म्हणाले. "आन् गिऱ्हाइकाचा फारम खाल्ला तर?"

माय हसली नाही. दादांनीही पुढं थट्टा केली नाही. रात्री मला म्हणाले, तिला वाटतंय, तिच्या हातानं तुझी पत गेली. मला तसं वाटत नव्हतं. पण तिला ते नीट सांगता आलं नाही, कारण कॅमेरा बरा होईल की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर मेंढ्या निघाल्या. दरवर्षी निघतात, खतासाठी लोकांच्या रानोरान बसत नदीच्या अंगानं जातात, आणि माय-दादा त्यांच्याबरोबर असतात. निघताना मायनं घोड्यावर सामान लादलं, दोर आवळला आणि मला एवढंच म्हणाली, काय बी कळलं तरी सांग, वाईट असलं तरी सांग.

मी रोज दुकानावरून जायचो. आत जायची हिंमत व्हायची नाही, काका मात्र खुर्चीतून हात वर करायचे. कपाटातली जागा रिकामीच असायची.

परवा कॉलेजमागच्या टपरीवर उभा होतो तेव्हा त्यांचा फोन आला. आधी हॅलो म्हणायची त्यांना सवय नाही.

"सुरू झाला," ते म्हणाले. "रोलही धुतला. एकावर उजेड गेलाय, बाकी चांगले आहेत. शेवटचा जरा धुरकट आहे. दारात एक बाई ताट घेऊन उभी आहे, फार काळजीत दिसते. आई का तुझी?"

मी हो म्हणालो. बहुतेक म्हणालो.

"मग सगळ्यांचा राहिलाच की. पुढच्या दसऱ्याला परत घेऊन जा. आईला म्हणावं, कुंकू लावा, पण पाठीवर."