मामंजींच्या डोळ्यांसाठी प्रार्थना

माझे सासरे फार सुंदर प्रार्थना करत. जुन्नरच्या चर्चमध्ये पाळकांचा घसा बसला की ते मामंजींनाच उभं करायचे. टोपी हातात धरून, डोळे मिटून मामंजी सुरू झाले की बायका पदर डोळ्यांना लावू लागायच्या. त्यांची आवडती प्रार्थना संयमाची. "प्रभू, आमच्या जिभेला वेसण घाल. आमच्या पोटानं आमच्यावर राज्य मांडलंय, तिथं तुझं राज्य येऊ दे." शेवटी आमेन म्हणत आणि त्याच दमात आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे वळून विचारत, "चहा टाकला का? साखर जरा बरी टाक."

गोडाची ही सवय त्यांना नोकरीने लावली. ते पाटकरी होते. डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्याला आलं की ते ज्याच्या त्याच्या शेतात वेळेवर सोडायचं, हे त्यांचं काम. ज्याचा ऊस भिजतो आहे तो पाटकऱ्याला बांधावरून तसाच जाऊ देत नाही. चहा होतो. त्यात दूध कमी आणि साखर भरपूर, कारण पातळ चहा दिला तर पाणीही पातळ येईल अशी लोकांना भीती. दिवसभर कालव्याच्या कडेने एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर असा चहा पीत त्यांची सगळी नोकरी गेली.

नोकरी संपली आणि रक्तातली साखर सापडली. पाठोपाठ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मामंजींना बाकी कशाचं दुःख नव्हतं. अंगण, कालवा, वाटा त्यांना पाठ होत्या. पण पवित्र शास्त्र त्यांना दिसेना. पहाटे उठून मोठ्याने एक अध्याय वाचायचा हा त्यांचा नेम. आता माझी धाकटी मुलगी शाळेत जायच्या आधी त्यांच्यासमोर बसून वाचायची, तीही अर्धं लक्ष वेणीकडे ठेवून. मोठा शब्द आला की उडी मारून पुढे जायची. मामंजी म्हणायचे, "आगं, देवाची दोन माणसं वगळलीस की तू." ती म्हणायची, "लई अवघड नावं हायेत आजोबा, त्यांना राहू द्या."

डोळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "साखर उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. आणि फार थांबलात तर पुढे मलाही काही करता येणार नाही." गोळी दिली, गोड बंद केलं आणि रोज सकाळी चालायला सांगितलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात मामंजींच्या डोळ्यांसाठी झटायला सुरुवात झाली. आत्याबाईंनी साखरेचा डबा फडताळात ठेवून फडताळाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. मामंजींचा चहा बिनसाखरेचा. ते एक घोट घेत आणि म्हणत, "प्रभूला क्रुसावर तहान लागली तवा आंबट आंब दिली व्हती, तिची चव आज कळली." पण पीत मुकाट्याने. चालायलाही जात. उजेड फुटला की काठी घेऊन कालव्याकडे निघायचे ते उन्हं चांगली वर आल्यावर परत. इतकं मन लावून कुणी चालत नसेल. तरी महिन्याने तपासलं तर साखर वाढलेली.

आत्याबाई हादरल्या. "घरात गोडाचा कण न्हाई पोटात जात, मग ही साखर येती कुठून?"

मामंजी आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याची इच्छा."

तेव्हा उपवासकाळ चालू झाला होता. आमच्याकडे पुनरुत्थानाच्या सणाआधी दर शुक्रवारी एकेका घरी प्रार्थना असते. आसपासच्या गावांत मिळून आमची घरं थोडीच, त्यामुळे सगळे ओळखीचे. सतरंजीवर गोल बसायचं आणि एकापाठोपाठ एक सर्वांनी प्रार्थना करायची. त्या वर्षी सगळ्यांनी मामंजींचा विषय धरला. प्रभू, त्यांना इंद्रियदमन दे. प्रभू, वासनांवर जय दे. प्रभू, देहस्वभाव मोडून काढ. मामंजी सर्वांत मोठ्याने आमेन म्हणायचे. माझी पाळी जवळ आली की मी उठून स्वयंपाकघरात जायची. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि ते मोठाले शब्द मला ऐकायला आवडत पण तोंडात येत नसत.

एका सकाळी मामंजी गोळी न घेताच चालायला गेले. आत्याबाई म्हणाल्या, "जा गं, पळत जा, कालव्यावर गाठ त्यांना." मी गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि निघाले.

पहिल्या वस्तीवर एक म्हातारी शेण भरत होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पाटकरी आबांना बघती व्हय? आत्ताच च्या पिऊन गेलं." दुसऱ्या वस्तीवर एक बाई बशा विसळत होती. "आबा? आत्ता हितंच तर बसलं व्हतं. लई भला माणूस. नोकरी गेली पर रोजचा शिरस्ता न्हाई मोडला." पुढे पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी एकजण म्हणाला, "वहिनी, आबांना म्हनावं आज दूध नासलं व्हतं, उद्या दोन कप देतो."

मी चालत राहिले आणि मला हसूही येत होतं, रडूही येत होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि मामंजी चालत होते. पण आयुष्यभर चालले त्याच वाटेने आणि त्याच मुक्कामांवरून.

शेवटी गुऱ्हाळ आलं. मोठ्या कढईत उसाचा रस उकळत होता, वास लांबूनच येत होता. मामंजी चिपाडांच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसलेले, हातात वाटी. वाटीत काकवी, म्हणजे रस आटून गूळ व्हायच्या आधीचा तो दाट पाक. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांना कुणीतरी बाई आहे एवढंच दिसलं असावं. वाटी माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "अजून एक पळीभर घाल माय. आमच्या सुनंला कळायच्या आत उठतो मी."

मी पदराची गाठ सोडली आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली.

"पोरी, तू हायेस व्हय?"

"हो मामा."

"हे बघ," ते जरा सावरून म्हणाले, "गोळी घेतली की काकवी बाद व्हती. एक आत गेली की दुसरी निघती. डागदर त्यासाठीच तर देतो." आणि माझ्यासमोर त्यांनी ती गोळी काकवीच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळली. मग टोपी नीट करत हळूच म्हणाले, "घरी सांगू नको बरं."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही आणि त्यांना तर दिसलंच नाही.

घरी मी काही बोलले नाही. सासऱ्यांची चहाडी सुनेने करायची हे मला जमणारं नव्हतं. पण भाकरी थापताना, धुणं धुताना एकच डोळ्यांसमोर यायचं, त्या वस्त्यांवरच्या बशा. बशा मोजून झाल्या की डॉक्टरांचं बोलणं आठवायचं.

त्या शुक्रवारची प्रार्थना आमच्या घरी होती. मी चहाचं निमित्त करून उठायला लागले तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "बस. चहा मी बघते. आज घरचं कारण हाय, तुझ्या तोंडातून दोन शब्द जाऊ देत." सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पाळी माझ्यापर्यंत आली.

मी घट्ट डोळे मिटले. इंद्रियदमन हा शब्द आठवून पाहिला, तो अर्ध्यातच मोडला. मग जे मला ठाऊक होतं तेच मी सांगितलं.

"प्रभू, मामांना डोळे हवेत. पहिल्या वस्तीवरच्या आजींना समजव, त्या प्रेमानं देतात. दुसऱ्या वस्तीवरच्या ताईंना चहात साखर घालताना हात आखडायची बुद्धी दे. मोटारीच्या खोलीवरच्या भाऊंचं दूध उद्या पण नासू दे. आणि पुढं..."

पुढे गुऱ्हाळ होतं. तिथे माझा आवाज थांबला. ती वाटी, ते 'सुनेला कळायच्या आत', हे मला सगळ्यांसमोर काढवेना. मी आमेन म्हणून टाकलं.

कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकांना खोकला आला, पण तो खोकला नव्हता. आत्याबाई दारातून ओरडल्याच, "आगं बया! म्हंजी कुलूप हितं आन् चोर कालव्यावर!"

"डोळे मिटा," मामंजी म्हणाले. "प्रार्थना संपली न्हाई."

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले. त्यांचा आवाज एरवीसारखा चढला नाही.

"प्रभू, सूनबाई म्हणाली ते खरं हाय. तिनं पुढचं गाळलं, ते मी सांगतो. गुऱ्हाळावर काकवी खातो. रोज. एक वाटी न्हाई, दोन. होळीला शेजारनं पोळी आली ती गोठ्यात नेऊन खाल्ली. गोळी घेतली की बाद व्हतं म्हनून पोरीला खोटं सांगितलं. मी लई वर्सं तुझ्याकडं जिभेला वेसण मागतोय, आन् वेसण आणली की मीच मान काढून घेतो. आता काय करायचं ते तू बघ. आमेन."

एवढी छोटी प्रार्थना त्यांनी कधी केली नव्हती. त्या दिवशी मात्र कुणाचा पदर डोळ्यांकडे गेला नाही. सगळे खाली बघत बसले होते. मग शेजारच्या गावाहून आलेली एक मावशी एकदम म्हणाली, "प्रभू, माझी मिसरी!" आणि तोंडावर हात ठेवला. तिच्या नवऱ्याने डोळे उघडून विचारलं, "सोडली व्हतीस न्हवं?" पाळकांनी हात वर करून सर्वांना शांत केलं, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

लोक गेल्यावर मामंजी मला म्हणाले, "मी म्हणलो व्हतो ना, घरी सांगू नको."

"घरी नाही सांगितलं मामा. प्रभूला सांगितलं."

ते खांदे हलवत हसले. "त्यालाच सांगू नको म्हणायचं राहिलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन ते दारात थांबले आणि मला हाक मारली, "चल. एकट्यानं न्हाई जमायचं." मी त्यांच्यामागून चालले. पहिल्या वस्तीवरची आजी आधण ठेवूनच बसली होती. मामंजींनी लांबूनच सांगितलं, "आजपास्नं साखर न्हाई. डोळे जात्यात माझे." आजीने कपाळावर हात मारला. "आन् मी मेली रोज दोन चमचे जास्ती घालीत व्हते!" दुसऱ्या वस्तीवरच्या बाईने बिनसाखरेचा चहा करून दिला आणि स्वतःही तसाच घेतला. एक घोट घेऊन म्हणाली, "आबा, ह्यो च्या हाय का काढा?" मोटारीच्या खोलीवरचा माणूस मला बघून म्हणाला, "काय आबा, सून पहाऱ्याला आणली व्हय?"

"पहाराच हाय. ही बोलत न्हाई, पर डायरेक वरच्या सायबाला रिपोर्ट करती."

मी पदर तोंडात धरून कालव्याकडे बघत राहिले.

गुऱ्हाळाचा वास आला की मामंजींची काठी मंदावायची. तिथून आम्ही मागे वळू लागलो. सुरुवातीला ते वळताना वासाच्या दिशेने तोंड करून उभे राहायचे आणि पुटपुटायचे. एक दिवस वारा नेमका आमच्याकडे होता. मामंजी म्हणाले, "पोरी, जरा काही तरी बोल. माझं ध्यान तिकडं जातंय." मी घाबरून मुलीच्या अभ्यासाचं, म्हशीच्या दुधाचं, मनात येईल ते बोलत सुटले. माझ्या सासऱ्यांशी मी इतकी कधी बोलले नव्हते. त्यानंतर रोजच बोलू लागले.

वस्त्यांवरच्या लोकांना त्यांना रिकामं पाठवणं जमत नव्हतं. मग कुणी मेथीची जुडी द्यायचं, कुणी हरभऱ्याचे डहाळे, कुणी वांगी. चालून येताना माझा पदर भाजीने भरलेला असायचा. आत्याबाई म्हणायच्या, "फिरायला गेला व्हता का बाजाराला?"

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका लग्नात त्यांनी जिलेबी खाल्ली. पुढच्या शुक्रवारी पाळी आल्यावर ती त्यांनी स्वतःच सांगितली, किती गरम होती तेही सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "कबूल करताय का चव सांगताय?" तरी त्यांनी सांगितलं हे मला मोठं वाटलं. शुक्रवारी येणारी माणसंही वाढली. मावशी मिसरीचं खरं खरं सांगायची, कुणी टीव्हीवरच्या मालिकांचं, एकजण मटणाचं. मोठाले शब्द कमी झाले.

साखर हळूहळू उतरली. पुनरुत्थानाचा सण मात्र चुकला. त्या दिवशी चर्चमध्ये मामंजींनी अध्याय पाठच म्हटला, मध्ये अडखळले तेव्हा माझ्या मुलीने खालून सांगितलं. पाऊसकाळ लागला तेव्हा डॉक्टरांनी कागद बघून मान डोलावली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन केलं.

पट्टी काढली तेव्हा मी आणि आत्याबाई दोघी होतो. मामंजी डोळ्याची उघडझाप करत बसले. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवली, ती त्यांनी बरोबर सांगितली, तसे डॉक्टर पलीकडच्या खोलीत गेले. मग म्हणाले, "शास्त्र आणा." आत्याबाईंनी पिशवीतून काढून दिलं. त्यांनी मध्येच कुठेतरी उघडलं, बोट ठेवलं आणि एक ओळ वाचली, सावकाश, एकही शब्द न गाळता. मग मान वर करून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझे केस कधी पिकले गं?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या मागं चालून."

मामंजी इतके हसले की डॉक्टर धावत आले. टाका ताजा आहे, हसू नका म्हणाले.