चपातीचा पुरावा

सखारामला रत्नागिरीच्या एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली, तशी त्याच्या आईने, धोंडूबाईने, घरात भात कमी करून चपाती सुरू केली. दर्यावर जाणाऱ्यांनी भात खावा, पगार घेणाऱ्यांनी चपाती. १९८४ साली तुळसा या घरात सून म्हणून आली. ती आरे-वारेकडच्या मासेवालीची मुलगी. तोवर गहू सणापुरताच खाल्लेला.

वर्षभरात तिला जुलाब लागले, ते थांबेनात. अशक्त झाली म्हणून धोंडूबाई तिला एक चपाती जास्त वाढी, वर तूप. वाढण्यात खोट नव्हती. माहेरी मात्र पेज आणि मासळीवर दोन महिन्यांत तुळसाचे गाल भरत.

"माहेरी बरी, सासरी आजारी. तुझ्या रोगाला घर बरा कळता गो," धोंडूबाई म्हणाली.

तिसऱ्या खेपेला सखाराम न्यायला आलाच नाही. आजार खरा असेल तर डॉक्टरचा कागद आण, एवढाच निरोप.

तुळसाला नांदायचं होतं. ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर पुस्तकं वाचणारा निघाला. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक कोंब असतात, अन्नाचा कस तेच ओढतात. काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गव्हातल्या चिकट प्रथिनाला शत्रू समजतात आणि त्या लढाईत कोंबच झडतात. गहू सोडला की पुन्हा उगवतात. तुळसाचे उगवले होते. मुंबईच्या इस्पितळात आतड्याचा तुकडा काढून तपासला. सहा महिने भातावर राहिलेलं आतडं ठणठणीत, असं कागदावर आलं.

"आता तीन महिने गहू खा," डॉक्टर म्हणाला. "कोंब झडले की सिद्ध होईल."

"म्हणजे बरी झालेय ती परत आजारी पडू?"

"तपासणीची पद्धतच तशी आहे."

तिच्या आईने, गोदाने, रेशनचा गहू आणला. तिच्या चपात्या वातड होत. "नको खाऊस गो. मरो ता सासर," ती लाटता लाटता म्हणे. तुळसा रोज सहा खाई. तीन महिन्यांत तिला एसटीची पायरी चढवेना. दुसरा कागद आला : कोंब सपाट, रोग खरा. तो घेऊन तुळसा सासरी गेली.

सखारामने तो दोनदा वाचला, मग आईला सांगितला.

"म्हणजे पोर खोटं बोलत नव्हती," धोंडूबाई म्हणाली. तिचा आवाज खरोखर मऊ झाला होता. "पण जन्माचा रोग हाय म्हणतात. असली सून ठेवून करायचं काय?"

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून धोंडूबाईने चहा केला आणि बशीत चार बिस्किटं ठेवली.

तुळसाने नुसता चहा घेतला.