आमच्या शाळेचा दुप्पट खारट समुद्र

आमच्या शाळेच्या प्रयोगवह्यांमध्ये बोईसरजवळच्या नवापूरचा समुद्र जगातल्या समुद्रांपेक्षा दुपटीहून जास्त खारट आहे. शंभर मिलिलिटर पाणी आटवलं की ८.२ ग्रॅम मीठ. वर्षानुवर्षं, प्रत्येक नववीच्या वहीत, ८.२. कुणाचं ८.१ नाही, कुणाचं ८.३ नाही. एवढी एकी आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळीही दिसत नाही.

हा प्रयोग पाठ्यपुस्तकात नाही. समुद्र सायकलच्या टप्प्यात आहे म्हणून कुण्या जुन्या सरांनी तो हौसेने घातला आणि मग तो शाळेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत शिरून परंपराच होऊन बसला. परंपरा म्हणजे काय, तर मोठ्या भावाची वही धाकट्याने घ्यायची, शेजारच्या ताईची वही खालच्या वर्गातल्या मुलीने घ्यायची, आणि पंख्याखाली बसून उतरवून काढायची. मी याच शाळेत शिकलो आणि पंधरा वर्षांपासून याच शाळेत विज्ञान शिकवतो. इतक्या वह्यांवर सह्या केल्या, पण तो प्रयोग कधी एकदाही करून घेतला नव्हता. उत्तर माहीत असताना गॅस कशाला जाळायचा, असा माझा व्यवहारी विचार.

गेल्या वर्षी मात्र मला झटका आला. नववीच्या पोरांना मी शिकवत असताना त्यांच्या डोळ्यांत जे काही दिसायचं त्याला झोप हा फार सभ्य शब्द झाला. म्हणून दर शनिवारी शेवटचा तास मी ‘करून बघू’ असा जाहीर केला. पहिल्या शनिवारी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने कोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहायची, वाळवायची आणि वरून हळदीचं पाणी फासायचं. अक्षरं लालभडक उमटतात. मला वाटलं होतं पोरं ‘जय हिंद’ वगैरे लिहितील. पहिला कागद लाल झाला तेव्हा त्यावर होतं, ‘सर लय बोर मारतात’. दुसऱ्यावर होतं, ‘खरं हाय’. आम्लारी म्हणजे काय ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं, मलाही.

दुसऱ्या शनिवारी जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळलं, चुन्याची निवळी घातली आणि रंग बदलले. तिसऱ्या शनिवारी बाटलीच्या तोंडाला फुगा लावून सोडा आणि व्हिनेगर यांची गाठ घालून दिली. फुगा फुटला तो नेमका मुख्याध्यापिका बाई दारातून डोकावताना. बाई स्वभावाने चांगल्या, पण आवाजाला दचकतात. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सर, यातून परीक्षेत काही येतं का?’’ मी म्हटलं, येतं. बाई म्हणाल्या, मग दाखवा.

म्हणून चौथ्या शनिवारी मी परीक्षेचा प्रयोग काढला. समुद्राचं मीठ.

पाणी आणायचं काम नवापूरच्या एका मुलीकडे होतं. तिचे वडील बोटीवर जातात, आई मासळी विकते आणि ती वर्गात मागच्या बाकावर बसून सगळ्या गोष्टींवर हळू आवाजात शेरे मारते. मला ते शेरे ऐकू येतात, पण ऐकू येत नाहीत असं मी दाखवतो, कारण बहुतेक बरोबर असतात. तिने दोन बाटल्या भरून आणल्या. स्टीलची वाटी आधी वजन करून ठेवली, त्यात शंभर मिलिलिटर पाणी मोजून ओतलं, मंद आचेवर ठेवलं. अर्धा तास सगळा वर्ग वाटीभोवती. तळाशी पांढरी साय धरली, मग ती तडतडली, मग कोरडी झाली. वाटी गार करून वजनकाट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा केलं.

३.४.

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी काट्याकडे बघायला लागलो. काटा नवीन होता, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तास संपून गेला तरी पुन्हा केलं. ३.५.

‘‘सर, मेरे भैया की कॉपी में तो आठ पॉइंट दो है,’’ पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. त्याचे वडील बोईसरला कारखान्यात कामाला आहेत आणि तो हिंदी, मराठी नि थोडी भोजपुरी एकाच वाक्यात बोलतो. ‘‘सबकी कॉपी में है. मग आता काय लिहायचं?’’

मागून आवाज आला, ‘‘आमच्या घरी पयल्यापासून म्हनतात, वहीतलं पानी आमच्या दर्याचं नाय.’’

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर चाळीस पोरं डोळे उघडे ठेवून बसलेली मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघत होतो आणि माणसाला अशा वेळी भाषण सुचतं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, ‘‘जे दिसलं तेच लिहायचं. आणि हा ८.२ कुणीतरी पहिल्यांदा ठोकून दिलाय. तो शोधा. जुन्या वह्या गोळा करा, कुणी कुणाची उतरवली ते काढा. तो जो कुणी असेल त्याला मी इथे, या वर्गासमोर, अंगठे धरून उभा करीन. मग तो कितीही मोठा असो!’’

टाळ्या पडल्या. मी खडूची धूळ झटकून स्टाफरूममध्ये आलो, चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. कारण तेव्हा मला आठवलं.

मी नववीत होतो. प्रयोग नवा होता. आमचे तेव्हाचे सर घाटावरचे, समुद्र त्यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिलेला. त्यांनी मला पाच लिटरचा कॅन देऊन सायकलवर नवापूरला पाठवलं. मी बोईसरच्या चाळीतला पोरगा, समुद्र किनाऱ्यालाच असतो अशी माझी समजूत. जाऊन बघतो तर समुद्र जागेवर नाही. लांबवर काळे खडक, मध्ये घोट्यापर्यंत चिखल आणि पाण्याची एक बारीक रेघ दूर, जणू माझ्यावर रुसून गेलेली. माझ्या पायात नवे कॅनव्हासचे बूट. अर्धा तास उभा राहिलो, पाणी आता येईल, मग येईल. मग कंटाळलो. गावातल्या हापशीवर कॅन भरला, दुकानातून खडेमिठाचा पुडा घेतला आणि अंदाजाने ओतत गेलो. मधूनमधून चव घेत होतो. समुद्रासारखी लागली तेव्हा थांबलो. उरलेलं मीठ गाईला टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाणी आटवलं. ८.२ आलं. मोजमाप अगदी चोख होतं, फक्त समुद्र मी बनवलेला होता. सर खूश. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी माझी वही नमुना म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. पुढच्या वर्गांनी ती उतरवली, त्यांच्या पुढच्यांनी त्यांची. मी मात्र ते सगळं विसरून गेलो होतो. म्हणजे, विसरलो होतो असं मी स्वतःला सांगत आलो.

आता माझी खरी गोची झाली. चाळीस पोरांना मी नुकतंच सांगितलं होतं की जे खरं तेच लिहायचं, आणि त्यांचा शोध पुरा झाला की तो सरळ माझ्या दारात येऊन थांबणार होता. कबूल करावं तर गेली पंधरा वर्षं मी काय शिकवत होतो हा प्रश्न. कबूल न करावं तर ‘करून बघू’ला काही अर्थच उरला नसता. मी मधला रस्ता काढला. म्हणजे पळवाट शोधली.

पुढच्या शनिवारी मी ज्वालामुखी केला. मातीचा डोंगर, आत सोडा, वर व्हिनेगर, थोडं कुंकू घालून लाल फेस. भलताच देखणा झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, ‘‘सर, वह्यांचं?’’ त्यांनी फळ्याच्या एका कोपऱ्यात वंशावळ मांडली होती. खाली यंदाचा वर्ग, वर भाऊ, बहिणी, चुलत, मामेभाऊ, बेटेगावचा एक काका, तारापूरची एक आत्या. प्रत्येकाच्या नावापुढे ८.२. त्यापुढच्या शनिवारी मी बर्फ आणि मिठाने पाणी गोठवून दाखवलं. वंशावळ फळ्यावर आणखी एक फूट वर चढली. पोरांना मी आयुष्यात दिलेला हा पहिला गृहपाठ होता जो त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्त केला.

मग एके दिवशी कपाट उघडलं. किल्ली मुख्याध्यापिका बाईंकडे असते आणि बाईंनी ती आनंदाने दिली. त्यांनाही बघायचं होतं कोण सापडतो ते. खालच्या खणातून मुखपृष्ठ गेलेली, वाळवीने एक कोपरा खाल्लेली वही निघाली. नाव नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

वही हातोहात फिरली आणि मागच्या बाकावर थांबली. मुलीने पान उलटलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, ‘‘सर, फळ्यावर मीठ लिवा ना.’’

‘‘कशाला?’’

‘‘सहज.’’

माझा ‘ठ’ आतल्या बाजूला एक गिरकी घेतो. लहानपणापासून घेतो. मी खडू उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा साधा, सरळ, गिरकी नसलेला ठ काढला. वर्गात एवढा हशा पिकला की बाजूच्या वर्गातले सर बघायला आले. कारण फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, सकाळीच माझ्याच हाताने लिहिलेल्या सुविचारात, ‘श्रेष्ठ’ आणि ‘निष्ठा’ हे दोन शब्द गिरक्या घेत बसले होते.

मी सगळं सांगितलं. कॅन, बूट, हापशी, पुडा, गाय. मुलगी पोट धरून हसत होती. ‘‘ओहोटीला कोन जातं पानी आनाया? कोनाला इचारायचं तरी! पंचांगात पन लिवलेलं असतं.’’ तो हिंदीवाला मुलगा गंभीरपणे म्हणाला, ‘‘सर, अंगूठे.’’ मी वाकलो. पंचेचाळिशी आणि पोट, दोन्हींमुळे अंगठे लांबच राहिले, पण घोट्यापर्यंत पोचलो. दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सर, हे परीक्षेत येणार नाही, पण तास चालू ठेवा.’’ मला हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. चूक कबूल करणारा मास्तर म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

शाळा सुटल्यावर मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. दप्तरातून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली.

‘‘ही फळ्यावर नाय घेतली मी,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या ताईची हाय. वर्गात दाखवायची नव्हती म्हनून थांबले.’’

तिची ताई माझीच विद्यार्थिनी. आठ-नऊ वर्षांपूर्वीची. मला चेहरा आठवला, आवाज आठवेना. वहीत समुद्राचा प्रयोग होता. पाणी घेतल्याची वेळ लिहिली होती, भरतीची. वाटीचं वजन, मग मिठासकट वजन, सगळं नीट ओळीत. उत्तर ३.४. त्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली माझं अक्षर, ‘चूक. पुन्हा करा.’ दुसऱ्या पानावर पुन्हा सगळं तसंच, नव्या तारखेने. ३.५. लाल फुली. तिसऱ्या पानावर पाण्याची वेळ नव्हती, वजनं नव्हती, एका ओळीत ८.२ होतं आणि त्याखाली मी लिहिलं होतं, ‘शाब्बास.’

तेव्हा मला ते सगळं आठवत नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी विचारच केला नव्हता. गठ्ठ्यातल्या बाकीच्या वह्यांत ८.२ होतं, हिच्यात नव्हतं, हातात लाल पेन होतं. मला लाज वाटली. मघाशी वर्गासमोर वाकताना वाटली नव्हती तेवढी.

पुढच्या शनिवारी ताई धाकटीला न्यायला आली. ती पालघरला एका ऑफिसात बिलिंग करते. दहावीनंतर तिने कॉमर्स घेतलं, हे मला धाकटीकडून आधीच कळलं होतं. मी तिला वर्गात बोलावलं, तिच्यासमोर वही उघडली, माझी फुली खोडली, ‘बरोबर’ असं लिहून खाली सही केली आणि माफी मागितली. तिने वही हातात घेतली. रागावली नाही. उलट मला बरं वाटावं म्हणून हसली.

‘‘जाऊ द्या, सर. तीन वेळा केलं होतं मी ते, घरी आटवून, सोनाराच्या काट्यावर तोलून,’’ ती म्हणाली. ‘‘तिसऱ्यांदाही तेवढंच आलं, ते वहीत नाय लिवलं. मग मला वाटलं, माझ्याच हातात कायतरी खोट हाय. सायन्स आपल्याला जमायचं नाय.’’