ओल्या हातांनी

डॉ. सुमित्रा आगटे यांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य स्वागताचं नव्हतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका ओढ्यात, गुडघाभर गार पाण्यात उभ्या राहून त्या ओरडल्या, "अरे, आधी हात ओले कर!" मी नागपूरहून नुकताच आलेला संशोधक विद्यार्थी, जाळ्यात आलेलं सॅमनचं बोटभर पिल्लू उचलायला उतावीळ झालो होतो. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो आजारी पडतो, हे त्यांनी नंतर शांतपणे समजावलं.

आम्ही सगळे विद्यार्थी, अगदी गोरेसुद्धा, त्यांना 'बाई'च म्हणतो. सॅमनची पिल्लं समुद्राकडे जाण्याआधी ओढ्यात राहायला कोणती जागा निवडतात आणि तिथे कशी वाढतात, हा बाईंचा आयुष्यभराचा अभ्यास. इथल्या आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी मात्र त्यांना आजवर एकच प्रश्न विचारला, "मग सॅमनचं कालवण कसं करायचं?" शुद्ध शाकाहारी बाई दर वेळी हसून, ऐकीव का होईना, कृती सांगतात.

एका उन्हाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेने ओढ्यात ओंडके बसवून पिल्लांसाठी डोह तयार केले. दिसायला झकास! पिल्लांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती काठच्या काटेरी झुडपाखाली, उथळ कोपऱ्यात जाऊन बसली. मी वैतागून म्हणालो, "बाई, यांना काही कळत नाही."

"कुणाला कळत नाही ते बघू. चल, वजनं कर."

कोपऱ्यातली पिल्लं चांगली बाळसेदार निघाली. बाई म्हणाल्या, "जागा चांगली की वाईट हे बांधणाऱ्याने ठरवायचं नसतं रे. राहणारा वाढतोय का, ते बघायचं."

माणसांनाही त्यांनी हाच न्याय लावला. इंग्रजीच्या धास्तीने मी सेमिनारमध्ये तोंड उघडत नसे. याला बोलायला पुढे ढकला, असं सगळे सांगत असताना बाईंनी मला खुशाल ओढ्यावर राहू दिलं. परतताना गाडीत त्या माझं काम मराठीतून ऐकून घेत आणि घरी नेऊन पिठलं-भात वाढत. पुढे मी एवढा बोलू लागलो, की आता बायको थांबवते! आज मी प्राध्यापक आहे तो त्या गाडीतल्या गप्पांमुळे, आणि हे ऋण मला मिरवावंसं वाटतं.

गेल्या वर्षी बाईंचे यजमान, आमचे काका, गेले आणि ओढ्याकाठच्या घरात बाई एकट्या उरल्या. वसंतात दगडावरून घसरून त्यांचा हात मोडला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला. "दादा, प्लीज तू आईला कन्व्हिन्स कर. खालची रूम रेडी आहे, हीटेड फ्लोअर, सगळं. तिकडे ती परत पडली तर हू विल इव्हन नो?"

त्याची काळजी खरी होती. मलाही तीच होती, म्हणून मी गेलो. प्लास्टरमधल्या हातानेच बाईंनी चहा केला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"खोली फार छान आहे त्याची," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात राहून आले ना. पोटभर जेवले, खिडकीतून बर्फ बघितला. सून रोज विचारायची, आई, काही हवंय का? मला काहीच नको असायचं. त्याचीच मला भीती वाटली. आता तूच सांग, मी तिथे वाढले का?"

मी बाहेर येऊन निखिलला फोन केला आणि हे जसंच्या तसं सांगितलं.

मागच्या महिन्यात तो ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना कठडा बसवायला आला. मीही मदतीला होतो. लोखंडी नळ्या गाडीतून काढण्याआधी तो बाईंकडे गेला आणि त्याने विचारलं, "आई, तुला रेलिंग कुठे हवंय?" बाईंनी जागा दाखवली. आमच्या दोघांच्या अंदाजापेक्षा ती अगदीच वेगळी, पार पाण्यापर्यंत जाणारी होती. कठडा तिथेच बसला.

बाई, पंच्याहत्तरी पूर्ण होताना तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि ओढा भरलेला राहो. आम्ही तुमच्यावर माया करणारी माणसं आहोत, आणि मायेपोटी माणूस फार घाई करतो. पुन्हा कधी कोरड्या हातांनी तुम्हाला उचलायला धावलो, तर पाण्यात उभ्या राहून आमच्यावर ओरडायला तुम्ही हव्या आहात.