बायजाचा निर्गुडीचा शेक

जिते स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आमचं गाव. नोकरीची शेवटची वर्षं मी इथल्या शाळेत काढली आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. शेजारी बायजा आणि तिचा नवरा गुणाजी. गुणाजी रोह्याला एका कंपनीत कामाला होता. आठवडाभर तिकडे चौघांत मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला गाडीने घरी यायचा. शेती बायजा बघायची. भात निघालं की त्याच रानात वाल.

कुणाची कंबर धरली, गुडघा सुजला, की लोक बायजाला बोलवत. ओढ्याकाठची निर्गुडी आणून ती पानं तव्यावर परतायची, त्यात जाडं मीठ आणि ओवा घालायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधायची. ती आधी स्वतःच्या गालाला लावायची, मग दुखऱ्या जागी. पुढे मात्र सगळी भिस्त दुखणेकऱ्यावर. “लागतंय का?” असं ती सारखं विचारायची, आणि “बस” ऐकलं की हात उचलायची. शेक हाताने नाही, दुखणेकऱ्याच्या तोंडाने द्यायचा, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

त्या वर्षी गुणाजीच्या पावलांना मुंग्या येऊ लागल्या. सुट्टीला आला की पाय पसरून बसायचा. एकदा तर स्टेशनावरून एकाच पायात चप्पल घालून आला.

“दुसरी कुठं हाय?” बायजाने विचारलं.

“गाडीत रायली वाटतं.”

“आन् तुमाला कळलं नाय? उद्या मला इसराल कुठंतरी!”

ओटीवर बसलेले आम्ही सगळे हसलो. गुणाजीही हसला, पण जरा उशिराने.

त्या दिवशी बायजाने तळपायाला पुरचुंडी लावली. “लागतंय का?”

“नाय गो. थंडगार हाय.”

ती परत तव्याकडे गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पुरचुंडी गालाशी नेताना तिला चटका बसला आणि ती थांबली.

“तुझ्या गालाला काय कळतंय माझ्या पायाचं?” गुणाजी चिडला. “लाव तशीच.”

तिने लावली. विचारलं. तो “नाय” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो बूट घालून कामावर गेला. पुढच्या सुट्टीला आला तेव्हा पायाला वास येत होता. शेकाने तळव्यावर आलेला फोड बुटात फुटून चिघळला होता आणि दोन बोटं काळी पडली होती. डॉक्टरांशी बोलायला बरं म्हणून बायजाने मला बरोबर घेतलं आणि आम्ही त्याला अलिबागला नेलं.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले. “टाचणी टोचली की बोला.” अंगठा, टाच, घोटा, सगळीकडे टोचून झालं. गुणाजी गप्प. डॉक्टर टाचणी ठेवायला वळले, आणि तेवढ्यात तो घाईने म्हणाला, “व्हय, लागलं!”

बायजा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने सगळं पाहिलं.

साखर वाढली होती. पावलांची जाणीव केव्हाच गेली होती, आणि ते गुणाजीला ठाऊक होतं. “कंपनीत कळलं असतं तर घरी बसवलं असतं,” तो म्हणाला. मग बायजाकडे न बघता, “वाटलं, तू जोरात शेकलंस तर जान येल पायात.”

ती दोन बोटं काढावी लागली. बाकीचं पाऊल राहिलं, पण जपायला हवं होतं. परतताना एसटीत बायजा एवढंच म्हणाली, “गुरुजी, मी इचारत हुते. दर खेपेला इचारत हुते.”

त्यानंतर तिने शेक देणं सोडलं. गावातली धोंडुबाई कंबर धरून आली, तिलाही परत पाठवलं.

थंडीत गुणाजीचा गुडघा धरला. डॉक्टरांनी पावलांना शेक द्यायला मनाई केली होती, गुडघ्याला नव्हती. तो मागेच लागला, तेव्हा तिने निर्गुडी आणली. मी त्यांच्या ओटीवरच होतो. पुरचुंडी बांधून झाली, पण ती पुढे करायला तिचा हात धजेना. पुरचुंडी ओंजळीत धरून ती बसून राहिली. पार निवल्यावर तिने ती गुडघ्याला लावली.

“लागतंय का?”

“व्हय गो. मस्त गरम हाय.”

बायजाचा चेहरा पांढरा पडला. गार पुरचुंडीला गरम म्हणतोय, म्हणजे बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला आणि हा पुन्हा लपवतोय, असंच तिला वाटलं. तिने पुरचुंडी टाकली आणि त्याच जागी कचकन चिमटा काढला.

“आय गं! मारतेस का काय मला?”

गुडघ्याला कळत होतं. तिने खाली पडलेली पुरचुंडी उचलून त्याच्या गालाला लावली.

“पुरचुंडी बर्फ झाली हाय. मग गरम हाय असं का बोललात?”

“तू भीत हुतीस. म्हटलं, तुला बरं वाटंल.”

“मला बरं वाटायला?” तिचा आवाज चढला. “तवा बी खोटं, आता बी खोटं. मग मी इचारायचं कुणाला?”