बॉल बघायला पब्लिक आहे

बास्केटबॉलच्या रेफरीची परीक्षा मी पास झाले होते, पण उभं कुठं राहायचं ते मला कळत नव्हतं. सांवेर रोडच्या कारखान्यांच्या मॅचमध्ये त्या रविवारी एक रेफरी आजारी पडला आणि मला बोलावलं. खेळणाऱ्यांपैकी एक टीम आमच्याच कारखान्याची. समोरच्यांनी तरी हरकत घेतली नाही. हिला तसंही काही दिसणार नाही, अशी त्यांची खात्री असावी.

ती मी पहिल्या हाफमध्ये खरी करून दाखवली. लग्नातला व्हिडिओवाला नवरीमागे धावतो, तशी मी बॉलमागे धावत होते. एकदा तर थेट बास्केटखाली उभी राहून तोंड वर करून बघत बसले. बॉल जाळीतून निघाला आणि माझ्या टाळक्यावर पडला.

"मॅडम, प्रसाद मिल गया?" प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं.

दुसरे रेफरी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका. पोट पुढे, धावणं जवळपास नाही, तरी त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. हाफटाइमला ते म्हणाले, "बॉल बघायला पब्लिक आहे. तुम्ही दोन प्लेयरमधली फट बघा. फट दिसत नसेल तर दोन पावलं सरका. आणि अंदाजाने शिट्टी मारायची नाही, समझे?"

दुसऱ्या हाफमध्ये मी बास्केटखालून हटले आणि बाजूला, रेषेबाहेर जाऊन उभी राहिले. तिथून भलताच खेळ चाललेला दिसला. कोणी कोपर मारतंय, कोणी पाय अडवतंय. आणि आमचे प्लांट मॅनेजर, पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ, आरतीला उभं राहावं तसा चेहरा करून समोरच्याची हाफपँट मागून घट्ट धरून उभे होते.

मी शिट्टी मारली.

"अहो मॅडम, बॉल तिकडे होता!"

"हो सर. पण तुमचा हात इकडे होता."

हा त्यांचा पाचवा फाउल. नियमाप्रमाणे ते बाहेर गेले. आम्ही दोन पॉइंटनी हरलो.

राजेंद्र नगरला घरी येईपर्यंत माझी सगळी ऐट उतरली होती. नवरा म्हणाला, "बॉसलाच बाहेर काढलंस? गजब!" आणि खो खो हसत सुटला. मला जेवण जाईना.

सोमवारी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "एक सांगा, तुम्हाला दिसलं कसं? सगळे तर उधर देख रहे थे."

मी एका रद्दी ड्रॉइंगच्या मागे बास्केट काढलं, दोन प्लेयरचे दोन गोल काढले आणि मी कुठे उभी होते तिथे फुली मारली. साहेबांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. माफी वगैरे काही मागितली नाही.

पुढच्या मॅचला ते समोरच्याच्या पलीकडून, माझ्या नजरेआड राहून हाफपँट ओढायला लागले. मी दोन पावलं सरकले.